कॅन्यन : दरी, घळ, निदरी की नाळ?

अर्धविराम :
भूगोलावरच्या एका मजकुराचा अनुवाद करते आहे. एका वाक्यावर दोन दिवस अडले आहे. मुळात 'व्हॅली' आणि 'कॅन्यन' (नदीने खडकात कोरलेला, ताठ काठांचा मार्ग) हे दोन शब्द मुद्दाम समोरासमोर ठेवलेत: एक संपते तिथे दुसरी सुरू होते, असं म्हणायचं आहे. मी आधी व्हॅलीला 'दरी' लिहिलं. पुढे कॅन्यनलाही हात आपोआप 'दरी'कडेच गेला, आणि वाक्य झालं, 'दरी संपते तिथे दरी सुरू होते.' मग 'खोल दरी' करून पाहिलं. पण मराठीत उथळ दरी कोणी पाहिली आहे? खोल हे विशेषण दरीला लावणं म्हणजे पाण्याला ओलं म्हणण्यासारखं. कोशांत घळ, घळई, निदरी असे शब्द सापडतात. त्यातला कुठला घ्यावा? की सरळ 'कॅन्यन' ठेवावं? आणि ठेवलं तर तो कॅन्यन की ती कॅन्यन?

उगाच :
निदरी सोडून काहीही घ्या. 'डोंगर निदरी' छापलंत तर शंभरातले नव्याण्णव जण 'डोंगर नि दरी' वाचतील, आणि उरलेला एक मुद्रितशोधक असेल, तो ते तसं 'दुरुस्त' करून टाकेल.

मूर्धन्य :
उगाच, हसू आलं खरं, पण शब्द बिचारा तितका वाईट नाही. निपात, निमग्न यांतला 'नि' खाली, आत असं सांगतो. त्या अर्थाने निदरी म्हणजे आत उतरलेली दरी. अडचण एवढीच, की तो परिभाषेच्या कारखान्यात घडला आणि तिथेच राहिला. बोलताना कोणाच्या तोंडी आलेला मी ऐकलेला नाही.

मूळ शब्दाकडे बघा, तिथे गंमत आहे. स्पॅनिशमध्ये त्या 'न'वर एक छोटी लाट असते आणि उच्चार आपल्या 'ञ'सारखा होतो, म्हणजे 'काञोन', जोर शेवटी. (आपल्या वर्णमालेतला सर्वांत बेरोजगार वर्ण इथे थेट कामाला येतो.) काञोन म्हणजे मोठी नळी. त्याच्या मागे लॅटिन 'कान्ना', म्हणजे वेत किंवा बोरू, पोकळ काडी. तोफेला इंग्रजीत कॅनन म्हणतात तो याच घरातला, कारण तोफही नळीच. कालव्याला आपण बोलताना 'कॅनॉल' म्हणतो तो, आणि टीव्हीचं 'चॅनेल'सुद्धा. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या स्पॅनिश बोलणाऱ्यांनी खडकात कोरलेल्या नदीमार्गाला नळी म्हटलं आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने तो शब्द उचलला.

म्हणजे मुळात 'खोल' हा अर्थ या शब्दात नाहीच. दोन्ही बाजूंनी बंद आणि मधून काहीतरी वाहतं, हा अर्थ आहे. जवळचा दुसरा शब्द 'गॉर्ज'. फ्रेंचमध्ये गॉर्ज म्हणजे घसा. एकाला नळी दिसली, दुसऱ्याला घसा. दोघांनाही खोलीआधी अरुंदपणाच जाणवला.

रानवाट :
थांबा थांबा. मग आमच्याकडे शब्द आहे की! सह्याद्रीत भटकणारा कोणीही 'नाळ' म्हणजे काय ते सांगेल. दोन कड्यांच्या मधून उतरणारी, दगडधोंड्यांनी भरलेली अरुंद, उभी वाट. सिंगापूरची नाळ, बोराट्याची नाळ. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याशेजारून चढणारी तर थेट 'नळीची वाट'च आहे. पावसाळ्यात याच नाळांतून पाणी कोसळतं.

मूर्धन्य :
रानवाट, हे फारच सुंदर आहे. संस्कृतात 'नल' म्हणजे बोरूच्या जातीचं पोकळ गवत, आणि 'नाल' म्हणजे पोकळ देठ. त्यातून आपले नळ, नळी, नाळ. आणि बंदुकीच्या नळीलाही मराठीत नाळ म्हणतात. बोरूपासून नळी, नळीपासून एकीकडे तोफ-बंदूक आणि दुसरीकडे डोंगरातली चीर. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता अगदी हाच प्रवास केला.

अर्धविराम :
मोह होतोय. पण अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीबद्दल 'कोलोरॅडोची नाळ' लिहिलं तर वाचकाला सुईण आठवेल.

गारगोटी :
शब्द ठरवण्याआधी वस्तू नीट बघू या का? मी भूशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

नदी कापते किती? फक्त आपल्या पात्राच्या रुंदीएवढं, आणि तेही खालच्या दिशेने. सगळं काम नदीवर सोडलं असतं तर जगातली प्रत्येक नदी जमिनीत करवतीने पाडल्यासारख्या उभ्या चिरेत वाहिली असती. तसं होत नाही, कारण नदी खाली कापत असताना वरचे काठ स्वस्थ बसत नाहीत. पाऊस त्यांना धुतो, फटीतलं पाणी गोठून खडक फोडतं, मुळं शिरतात, दरडी कोसळतात, बाजूचे ओहोळ आपापल्या चरी पाडतात. काठ मागे हटत जातात, उतार सौम्य होतो आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखी दरी तयार होते. म्हणजे ही दोघांची शर्यत आहे: नदीचं खाली जाणं आणि काठांचं मागे सरणं. दुसऱ्याने पहिल्याला गाठलं तर साधी दरी. पहिला फार पुढे निघून गेला तर कॅन्यन. व्याख्या विचारलीत तर माझी एवढीच.

आता नदी पुढे कधी निघून जाते? तिच्याकडे खाली जायला जागा हवी, म्हणजे ती समुद्रापेक्षा पुष्कळ उंचावर हवी. खडक असा हवा की कापला तरी भिंत म्हणून उभा राहील. आणि हवा कोरडी असली तर उत्तमच, कारण काठ झिजवणारा पाऊसच कमी. पण पाऊस कमी तर नदी कशी? ती दुसरीकडून येते. कोलोरॅडो नदी रॉकी पर्वतातल्या बर्फाचं पाणी घेऊन जवळजवळ वाळवंटातून जाते. पाणी परक्या मुलखाचं, काठ वाळवंटाचे. ग्रँड कॅन्यनच्या इतक्या ताठ कडांचं गुपित बऱ्याच अंशी यात आहे.

आकडे सांगतो. लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर, खोली १.६ किलोमीटरहून जास्त. तळाचे खडक सुमारे १८० कोटी वर्षांचे, काठावरचा चुनखडक सुमारे २७ कोटींचा. पण नदीने हे कोरलं ते मुख्यतः गेल्या ५० ते ६० लाख वर्षांत. काही तुकडे त्याहून जुने असावेत, यावर आमच्या लोकांत अजून खडाजंगी चालते. पर्यटक 'कॅन्यन १८० कोटी वर्षांचा' म्हणतात तेव्हा ते पुस्तकाच्या कागदाचं वय सांगतात, कापणाऱ्या सुरीचं नव्हे.

आणि एक गैरसमज. पाणी खडक कापत नाही, निदान एकटं तरी नाही. नदी वाहून आणते ती वाळू, खडी, गोटे कापतात. पाणी म्हणजे हात, गोटे म्हणजे हत्यार. पात्रातले रांजणखळगे पाहिलेत ना, भोवऱ्यात अडकलेला गोटा गरगर फिरून खडकात रांजण कोरतो? तेच काम नदीभर चालू असतं. चुनखडकात पाणी खडक विरघळवतंही, पण तो वेगळा विषय. स्पॅनिशमध्ये कोलोरॅडो म्हणजे लालसर. नदीचं नावच तिच्या गाळावरून पडलं. १९६३ साली वरच्या बाजूला ग्लेन कॅन्यन धरण झालं, गाळ तिथे अडकला, आणि खाली आता बराच काळ स्वच्छ, थंड, हिरवट पाणी येतं. नावाची नदी वेगळी, पाण्याची वेगळी.

उगाच :
२९ किलोमीटर रुंद? आणि याला 'अरुंद' नळी म्हणायचं? मूर्धन्य, तुमची व्युत्पत्ती दरीत कोसळली.

गारगोटी :
रास्त प्रश्न. वरून रुंद, तळाशी नदी अरुंदच. आणि भिंत सरळसोट नाही, पायऱ्यापायऱ्यांची आहे. वाळूखडक, चुनखडक हे टणक थर कड्यासारखे उभे राहतात. मधले मऊ शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे, थर झिजून उतार होतात. शेल झिजला की वरच्या टणक थराचा आधार जातो, तो कोसळतो, भिंत मागे जाते. कडा, उतार, कडा, उतार. नदीने एक चीर पाडली आणि बाजूच्या ओढ्यांनी, कोसळणाऱ्या थरांनी ती रुंदावली. शर्यतीतला दुसरा गडी तिथेही पळतोच आहे, फक्त मागे पडला आहे.

वरून अंदाज चुकतो तो यामुळेच. १५४० साली पहिले स्पॅनिश सैनिक काठावर पोचले तेव्हा खालची नदी त्यांना जेमतेम पुरुषभर रुंदीची वाटली. तिघे उतरायला निघाले आणि सुमारे एक तृतीयांश अंतरावरून परतले. वरून माणसाएवढे दिसणारे सुळके जवळ गेल्यावर स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या मनोऱ्याहून उंच निघाले, असं त्यांनी येऊन सांगितलं.

रानवाट :
'समुद्रापेक्षा पुष्कळ उंचावर' म्हणालात. म्हणजे जमीन वर उचललीच जायला हवी का?

गारगोटी :
बहुतेक वेळा तसं होतं. १८६९ मध्ये एका हाताचा अमेरिकी भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल होड्या घेऊन कोलोरॅडोतून गेला. त्याने नंतर फार चपखल उपमा दिली: नदी ही जागच्या जागी चालणारी करवत आणि जमीन हा खालून वर सरकणारा ओंडका. करवत खाली येत नाही, लाकूड वर येतं. कोलोरॅडोच्या बाबतीत गोष्ट त्याला वाटली त्याहून गुंतागुंतीची निघाली, पण हिमालयाला ती उपमा तंतोतंत बसते. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा या नद्या पर्वत उचलला जाण्याआधीपासून वाहत होत्या. पर्वत उठत गेला, त्या कापत गेल्या. म्हणून तर त्या उत्तरेकडून येऊन अख्खी रांग भेदून दक्षिणेला उतरतात.

पण उलटही होऊ शकतं. जमीन वर येण्याऐवजी समुद्रच खाली गेला तर? सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी अटलांटिकशी असलेला संबंध तुटत गेला आणि भूमध्य समुद्र बराचसा आटला. नाईल नदीचं मुख एकदम हजारो फूट खाली गेलं. नदी काय करणार? मुखापासून मागे मागे कापत सुटली. आजच्या कैरोजवळ त्या पुरातन कॅन्यनचा तळ समुद्रसपाटीच्या दोन किलोमीटरहून अधिक खाली आहे. अस्वान धरणासाठी खडक शोधत भोकं पाडली तेव्हा खडक अपेक्षेपेक्षा फारच खाली लागला, आणि वरच्या गाळात सागरी जीवांचे अवशेष सापडले. सुमारे ५३ लाख वर्षांपूर्वी समुद्र परत आला आणि कॅन्यन गाळाने भरला. आज त्यावर शेती आहे. पृष्ठभागावरून बघणाऱ्याला तिथे दरीच काय, खळगासुद्धा दिसत नाही.

उगाच :
म्हणजे काहीही झालं तरी लाखो वर्षं. अनुवाद तोवर होईल बहुतेक.

गारगोटी :
तीन दिवसांतही होतं. २००२ च्या जुलैत टेक्सासमध्ये एका जलाशयाच्या सांडव्यावरून महापूर गेला. आधी तिथे झाडोऱ्याने भरलेलं साधं ओढ्याचं खोलगट होतं. सुमारे तीन दिवसांत २ किलोमीटरहून लांब, सरासरी ७ मीटर खोल घळ तयार झाली. चुनखडकात आधीपासून भेगा होत्या, पाण्याने गोटे घासत बसण्याऐवजी चौकोनी ठोकळेच्या ठोकळे उपटले. तळ्याचं नावच 'कॅन्यन लेक' होतं, हे मी रचलेलं नाही.

रानवाट :
भेगांवरून आठवलं. अगदी चिंचोळ्या असतात त्यांना वेगळा शब्द आहे ना? दोन्ही भिंतींना एकाच वेळी हात लागतील अशा?

गारगोटी :
स्लॉट कॅन्यन. ॲरिझोनातला अँटिलोप कॅन्यन प्रसिद्ध. वाळूखडकातल्या भेगेत अचानक येणारे पूर घुसतात आणि वाळूच्या माऱ्याने भिंती गुळगुळीत, लाटालाटांच्या होतात. फोटोंत दिसतात तितक्या त्या निरुपद्रवी नाहीत. ऑगस्ट १९९७ मध्ये तिथे ११ पर्यटक वाहून गेले. जिथे ते होते तिथे जवळजवळ पाऊसच नव्हता, वादळ कित्येक किलोमीटर दूर झालं होतं.

रानवाट :
मग याला मी 'सांद' म्हणेन. सांदीकोपऱ्यातली सांद. 'सांदण' नावाची चिंचोळी घळ सह्याद्रीतही आहे, तिला हल्ली सगळे 'सांदण व्हॅली' म्हणतात याचा मला मनस्ताप होतो. व्हॅली म्हणण्यासारखं तिथे आहे तरी काय? डोक्यावर आभाळाची पट्टी दिसते, बस्स.

मूर्धन्य :
आणि खडकातल्या त्या भेगांना भूशास्त्राच्या मराठीत 'सांधे' म्हणतात ना, गारगोटी? म्हणजे सांध्यावर झालेली सांद. शब्दाने कारणसुद्धा सांगितलं. परिभाषा समितीला हे दहा बैठकांत सुचलं नसतं.

गारगोटी :
सांधेच म्हणतो. मान्य. पुढच्या तासाला वापरणार.

अर्धविराम :
माझ्या मजकुरात पुढे समुद्रातले कॅन्यनही आहेत. त्यांना घळ चालेल? तिथे तर नदीच नाही.

गारगोटी :
नदी नाही, पण नदीसारखं काहीतरी आहे. खंडाच्या कडेला साचलेला गाळ घसरतो, पाण्यात मिसळून जड, गढूळ लोंढा होतो आणि समुद्रतळावरून उताराने धावतो. १८ नोव्हेंबर १९२९ ला न्यू फाउंडलंडच्या दक्षिणेला भूकंप झाला आणि अटलांटिकखालच्या १२ तारायंत्र-केबली तुटल्या. जवळच्या लगेच, दूरच्या मात्र एकेक करून, पुढच्या काही तासांत. तुटण्याच्या वेळा नोंदलेल्या होत्या. काहीतरी खाली खाली धावत जाऊन त्या ओळीने तोडत होतं, हे त्यावरून कळलं. तो गाळाचा लोंढा होता हे नीट उलगडायला १९५० चं दशक उजाडलं. कॅलिफोर्नियाचा माँटेरे कॅन्यन, गंगेच्या मुखासमोरची खोल घळ, सगळीकडे हेच लोंढे काम करतात. तेव्हा 'सागरी घळ' बिनधास्त लिहा.

मंगळावरची ४,००० किलोमीटर लांबीची प्रचंड दरी मात्र वेगळी. ती मुख्यतः कवच ताणून फाटल्यामुळे झाली, पाण्याने कोरून नव्हे. तिला मी घळ म्हणणार नाही. आणि यूटामधला 'ब्राइस कॅन्यन' नावाचाच कॅन्यन, तिथे नदीने कोरलेलं काही नाही, पठाराची कड झिजून झालेल्या सुळक्यांचे अर्धगोल आहेत. नावं ठेवणाऱ्यांनी आम्हाला कधी विचारलं आहे?

उगाच :
उंच इमारतींमधल्या रस्त्यालाही 'स्ट्रीट कॅन्यन' म्हणतात, हवेच्या प्रदूषणाच्या अहवालांत. धूर अडकतो म्हणून. त्याला काय, 'रस्तासांद'?

मूर्धन्य :
वाईट नाही हो! पण मूळ वाक्याकडे परत येऊ. अर्धविराम, मला वाटतं तुमची चूक कॅन्यनपाशी झालेली नाही, व्हॅलीपाशी झाली आहे.

'दरी' या शब्दाचं वागणं बघा. संस्कृतात दरी म्हणजे गुहा. दॄ म्हणजे फाडणे, 'विदीर्ण'मधला. मराठीत ती गुहेतून बाहेर पडली, पण फाटलेपण तिने सोडलं नाही. बस दरीत कोसळते. मतांमध्ये दरी पडते. कड्यावर उभं राहून खाली बघतो ती दरी. तिला समोरची भिंत असलीच पाहिजे असंही नाही, एक कडा पुरतो. म्हणजे दरी हा वर उभ्या असलेल्या, पोटात गोळा आलेल्या माणसाचा शब्द आहे.

इंग्रजी व्हॅली तशी नाही. तिच्यात माणसं राहतात, शेती करतात. बस व्हॅलीत कोसळली तर ती आधी कुठल्या तरी कड्यावर असायला हवी. तिला आपल्याकडे 'खोरं' आहे. खोऱ्यात कोणी पडत नाही, खोऱ्यात लोक वसतात. आता व्हॅलीसाठी दरी खर्चून टाकलीत, तर कॅन्यनसाठी उरणार काय?

आणि घळ? दोन बाजूंच्या भिंती तिला हव्यातच. वरून छप्परही असलं तरी चालतं: शिवथरघळ ही तर गुहाच. म्हणजे घळ हा आत असलेल्या माणसाचा शब्द. दरी वरून दिसते, घळीत शिरावं लागतं.

रानवाट :
हे पटलं. 'दरीत उतरलो' म्हणतो तेव्हा मोकळं वाटतं, 'घळीत शिरलो' म्हटलं की आवाज बदलतो.

गारगोटी :
एक पुरवणी. 'घळई' पाठ्यपुस्तकांतून मुलांना माहीत असते, ती बहुधा गॉर्जसाठी. गॉर्ज आणि कॅन्यन यांच्यात खडूने रेघ मारावी असा फरक कोणी पाळत नाही. अरुंद, एकाच चिरेसारखं असेल तर गॉर्ज. मोठा, रुंदावलेला, पायऱ्यांचा, कोरड्या मुलखातला असेल तर कॅन्यन, इतकंच. त्यामुळे दोघांना घळ म्हटलंत तर शास्त्राचा काही खून होत नाही. विशेषनाम मात्र 'ग्रँड कॅन्यन'च ठेवा. 'महाघळ' वगैरे कृपा करून नको.

उगाच :
आणि ते तो की ती?

मूर्धन्य :
स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी आहे. पण आपली रांग बघा: दरी, घळ, घळई, निदरी, नाळ, सांद, खिंड. सगळ्या स्त्रीलिंगी. पुल्लिंग सगळं वर गेलंय: डोंगर, कडा, सुळका, घाट. त्यामुळे मी 'ती कॅन्यन' म्हणेन. गारगोटी वर सगळीकडे 'तो' म्हणालेत, पण ते खडकांच्या संगतीत असतात.

गारगोटी :
आम्ही 'तो'च म्हणतो. सवय.

अर्धविराम :
घळ घेते, मग प्रश्नच मिटला. वाक्य आता असं झालंय: 'खोरं संपतं आणि घळ सुरू होते, इथून पुढे नदी जमिनीवरून नाही, जमिनीतून वाहते.' दुसऱ्या अर्ध्या भागात मुळात 'खोलवर' होतं, ते काढून टाकलं. 'घळ' म्हटल्यावर त्याची गरज उरली नाही.